फिल्मच्या कडेवरचा आवाज : मुका झालेला १६ मि.मी. प्रोजेक्टर प्रकाशविद्युत घटाने पुन्हा बोलता करण्याची रीत

१६ मि.मी.च्या बोलपटाची फिल्म उजेडाकडे धरली की एका कडेला स्प्रॉकेटची छिद्रे दिसतात आणि दुसऱ्या कडेला, चित्रांना लागून, जेमतेम दोन मि.मी. रुंदीची एक सलग पट्टी दिसते. भिंगातून पाहिल्यास काही प्रतींत या पट्टीवर डोंगररांगेसारखी काळी-पांढरी नक्षी असते, तर काहींत शिडीच्या पायऱ्यांसारख्या फिक्या-गडद आडव्या रेषा असतात. पहिल्या प्रकारात आवाजाप्रमाणे पारदर्शक भागाची रुंदी बदलते आणि दुसऱ्या प्रकारात काळेपणाची घनता बदलते. वाचण्याची रीत मात्र दोन्हींची एकच आहे. एका अतिशय बारीक फटीतून आलेला उजेड या पट्टीवर पाडायचा, फिल्म ठरलेल्या वेगाने पुढे न्यायची आणि पलीकडे पोचणाऱ्या उजेडातला चढउतार प्रकाशविद्युत घटाने, म्हणजे ऑपरेटर मंडळी ज्याला फोटोसेल म्हणतात त्याने, विजेत बदलून घ्यायचा.

ज्याच्या हाती असा एखादा जुना प्रोजेक्टर आला आहे, तो फिरतो, चित्रही दाखवतो, पण बोलत नाही, अशा वाचकासाठी हा लेख लिहिला आहे. सोल्डरिंग आणि मल्टिमीटरची ओळख असावी. त्यापलीकडे विशेष तयारी लागत नाही. असे प्रोजेक्टर दुरुस्त करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते आधीच सांगतो : आवाजाचे बहुतेक दोष अँप्लिफायरमध्ये नसतात, ते प्रकाशाच्या वाटेत असतात. एका शाळेच्या माळ्यावरून आलेल्या प्रोजेक्टरचा आवाज गोधडीआडून आल्यासारखा दबका होता. मी त्याचे सगळे कपॅसिटर बदलले, आठवडा त्यात गेला, आणि फरक काहीच पडला नाही. शेवटी फटीच्या भिंगाची नळी बाहेर काढली, तेव्हा तिच्या पुढच्या काचेवर यंत्रातल्या तेलाचा पिवळट थर दिसला. कापसाच्या बोळ्याने तो पुसल्याबरोबर निवेदकाचे ‘स’ आणि ‘श’ वेगवेगळे ऐकू येऊ लागले. तेव्हापासून आधी उजेड आणि मग वीज, हाच क्रम मी पाळतो.

घटाची थोडी पूर्वपीठिका

सेलेनियमवर उजेड पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये जाहीर केले. १९०० च्या सुमारास जर्मनीत एर्न्स्ट रूमर यांनी कमानदिव्याचा (आर्क लॅम्पचा) उजेड आवाजाने हलवून तो फिल्मवर टिपला आणि सेलेनियमच्या घटाने परत ऐकला. तत्त्व सिद्ध झाले, पण सेलेनियम मंद होते, उजेडातला झपाट्याचा बदल त्याला पकडता येत नसे, आणि मिळालेला क्षीण प्रवाह वाढवायला तेव्हा व्हॉल्व्हही (निर्वात नळ्याही) नव्हते. पुढे थिओडोर केस यांचा थॅलियमवर आधारलेला घट आला, नंतर सिझियमचे घट आले, व्हॉल्व्ह अँप्लिफायर आले, आणि १९२० च्या दशकात फिल्मवरचा आवाज चित्रपटगृहापर्यंत पोचला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडद्याला वाचा दिली. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणूनच पुढचा भाग मी सर्वांत आधी वाचायला सांगतो.

आधी फिल्म तपासा

सुमारे १९५१ पूर्वीची ३५ मि.मी. फिल्म नायट्रेट बेसवरची, म्हणजे जिची मूळ पारदर्शक पट्टी नायट्रेटची आहे अशी, असू शकते. ती झपाट्याने पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. पुण्यात २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या, हे अनेकांना आठवत असेल. अशी रिळे घरात चालवू नयेत, ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सोपवावीत. १६ मि.मी. फिल्म व्यवहारात सुरुवातीपासून सेफ्टी बेसवरच, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या पट्टीवरच, बनत आली, त्यामुळे घरच्या कामाला तीच योग्य.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर अ‍ॅसिटेट बेस कुजू लागला आहे असे समजावे. अशी फिल्म आक्रसते. मोजायची सोपी रीत अशी : टेबलावर फिल्म ताण न देता सपाट पसरून १०० चौकटींची लांबी घ्यावी. ती ७६२ मि.मी. असायला हवी, ७५४ किंवा त्याहून कमी भरल्यास फिल्म एक टक्क्याहून अधिक आक्रसली आहे, आणि यंत्रात घातल्यास तिची छिद्रे फाटतील. जगात एकच उरली असेल अशी शंका ज्या प्रतीबद्दल येईल, तिच्यावर कोणताही प्रयोग करू नये. जुळवणीसाठी एखादा सुटा, टाकाऊ तुकडाच वापरावा.

पुसण्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड घ्यावे, आणि आधी रिळाच्या शेपटीवर करून पाहावे. अ‍ॅसिटोन चुकूनही लावू नये. त्यात अ‍ॅसिटेट बेसच विरघळतो.

वेग, फट आणि आवाजाची बारीक टोके

सेकंदाला २४ चौकटी आणि चौकटीमागे ७.६२ मि.मी. असा हिशेब केला, तर १६ मि.मी. फिल्म साऊंड ड्रमवरून, म्हणजे आवाज वाचताना ती ज्यावरून सलग वाहते त्या गोल फिरत्या रुळावरून, सेकंदाला सुमारे १८३ मि.मी. वेगाने जाते. ३५ मि.मी. फिल्मचा हाच वेग ४५६ मि.मी. असतो. म्हणजे १००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट १६ मि.मी. फिल्मवर ०.१८ मि.मी. जागा घेते, तर ७००० हर्ट्झची लाट केवळ ०.०२६ मि.मी. मध्ये मावते. फट या लाटेएवढी उंच झाली, की लाटेचा चढ आणि उतार एकाच वेळी फटीत येऊन एकमेकांना खाऊन टाकतात आणि तो स्वर पूर्ण नाहीसा होतो. फट ०.०२ मि.मी. असेल, तर ७००० हर्ट्झवर सुमारे ११ डेसिबलची घट येते. ती ०.०१२ च्या आसपास असेल, तर घट चार डेसिबलच्या आत राहते. भिंगाचा फोकस किंचित हलला, की उजेडाची रेषा पसरून फट जाड झाल्यासारखेच होते. अँप्लिफायरचा ट्रेबल वाढवून नाहीसा झालेला स्वर परत मिळत नाही, सळसळ मात्र वाढते.

जुने साऊंड हेड उघडताना

व्हॉल्व्हच्या प्रोजेक्टरमध्ये जुन्या वायुभरित फोटोसेलला साधारण ९० व्होल्ट दिलेले असतात आणि अँप्लिफायरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. म्हणून प्लग काढून काही मिनिटे थांबावे, मोठ्या कपॅसिटरची टोके १० किलोओहमच्या, पाच वॉटच्या रोधातून रिकामी करावीत, मल्टिमीटरने शून्य पाहावे आणि मगच हात घालावा.

साऊंड हेडच्या भागात क्रमाने एक्सायटर लॅम्प (आवाजाच्या पट्टीवर उजेड टाकणारा छोटा दिवा), फटीच्या भिंगाची नळी, साऊंड ड्रम आणि ड्रमच्या आतल्या बाजूला आरसा किंवा काचेचा लोलक दिसेल, जो उजेड वळवून फोटोसेलवर टाकतो. फिल्मची आवाजाची कड ड्रमच्या काठाबाहेर अधांतरी राहते, म्हणूनच उजेड तिच्यातून आरपार जाऊ शकतो. काहीही सोडवण्याआधी सगळ्या जागांचे फोटो काढून ठेवावेत आणि भिंगाच्या नळीवर तिच्या मूळ जागेची खूण करावी.

नवा घट आणि त्याचा प्रवर्धक

जुन्या फोटोसेलच्या जागी बीपीडब्ल्यू ३४ हा सिलिकॉनचा फोटोडायोड मी सुचवतो. त्याचा प्रकाशग्राही चौकोन सुमारे २.६५ मि.मी.चा आहे आणि १६ मि.मी. फिल्मवर वाचली जाणारी रुंदी सुमारे १.८ मि.मी. असते, त्यामुळे आरशावरून आलेला उजेड त्यात बसवणे जमते. तो स्वस्त आहे, वेगवान आहे आणि त्याला ९० व्होल्टची गरज नाही.

पहिल्या टप्प्याला टीएल ०७१ हा ऑप-अँप (क्षीण संकेत वाढवणारी चिप) वापरावा. फोटोडायोडचे एक टोक ऑप-अँपच्या ऋण आदानाला (इन्व्हर्टिंग इनपुटला) जोडावे. दुसरे टोक आणि धन आदान, दोन्ही जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला). निर्गमापासून (आउटपुटपासून) ऋण आदानापर्यंत १०० किलोओहमचा रोध आणि त्याला समांतर ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावावा. उजेड कमी पडत असेल तर रोध १ मेगाओहम आणि कपॅसिटर ४.७ पिकोफॅरड करावा. दोन्ही जोड्यांत वरची मर्यादा सुमारे ३४ किलोहर्ट्झच राहते. वीज ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांतून द्यावी, एक धन बाजूला आणि एक ऋण बाजूला. निर्गमाला २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यापुढे १० किलोओहमचा व्हॉल्यूम आणि तिथून संगणकाच्या साऊंड कार्डाचा लाइन-इन किंवा कोणताही अँप्लिफायर. फोटोडायोड उलटा जोडला गेला तरी बिघडत नाही, फक्त निर्गमावरचा स्थिर दाब धनाऐवजी ऋण दिसतो.

डायोड आणि ऑप-अँप यांतले अंतर पाचेक सेंटिमीटरपेक्षा वाढू देऊ नये आणि दोन्ही पत्र्याच्या लहान डबीत बंद करून डबी जमिनीला जोडावी. या ठिकाणची तार लांब झाली, तर ती अँटेनाच होते.

फिल्म लावण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. डबीचे तोंड ट्यूबलाइटकडे वळवले की स्पीकरमधून १०० हर्ट्झची जाड घरघर ऐकू आली पाहिजे, कारण घरची वीज ५० हर्ट्झची असली तरी जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबले की तुटक टरटर ऐकू येते. हे दोन्ही आवाज आले, तर तुमची वीज ठीक आहे आणि आता सगळे लक्ष उजेडाकडे द्यायला तुम्ही मोकळे झालात.

दिवा

मूळ एक्सायटर लॅम्प अनेक १६ मि.मी. यंत्रांत ४ व्होल्ट, ०.७५ अँपिअरचा असतो. त्याला घरच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरने चालवले, तर त्याची तार सेकंदाला शंभर वेळा किंचित थंड होते आणि ती घरघर थेट आवाजात उतरते. म्हणूनच काही यंत्रांत त्याला डीसी देत, तर काहींत खूप वरच्या वारंवारतेची एसी देत, म्हणजे तारेला थंड व्हायला वेळच मिळत नसे. मूळ दिवा शाबूत असेल तर तो बॅटरीवर चालवावा.

दिवा मिळत नसल्यास ६६० नॅनोमीटरचा, एक ते तीन वॉटचा लाल एलईडी बसवावा. यामागे केवळ सोय नाही. सिलिकॉनचा घट अवरक्त प्रकाशाला, सुमारे ९०० नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त प्रतिसाद देतो आणि तापलेली तार अवरक्त प्रकाश भरपूर देते. पण रंगीत फिल्ममधली रंगद्रव्ये अवरक्त प्रकाश अडवतच नाहीत. त्यामुळे रंगीत प्रतींत प्रयोगशाळा मुद्दाम वेगळी प्रक्रिया करून आवाजाच्या पट्टीत चांदी राखून ठेवत. जिथे ती राखलेली नाही, तिथे तारेच्या दिव्याने आवाज क्षीण येतो, तर लाल उजेड निळसर रंगद्रव्याला ओळखतो आणि चांदीची पट्टीही तितक्याच चांगल्या रीतीने वाचतो. प्रिंट गुलाबी पडली असेल, तर नेमके तेच निळसर रंगद्रव्य उडालेले असते, आणि अशा पट्टीतून लाल उजेडालाही फारसे मिळत नाही.

एलईडीला प्रवाह स्थिर हवा. इमर्जन्सी दिव्यातली ६ व्होल्टची बॅटरी, एलएम ३१७ ही नियंत्रक चिप आणि ३.९ ओहमचा एक वॉटचा रोध, एवढ्यात सुमारे ३२० मिलिअँपिअरचा शांत प्रवाह मिळतो. एलएम ३१७ आणि एलईडी दोन्हींना उष्णता घालवायला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी द्यावी. मोबाइलचा चार्जर किंवा उजेड कमी-जास्त करणारी स्वस्त सर्किटे इथे वापरू नयेत. त्यांची चालू-बंद स्पंदने घट ऐकतो.

दिवा लावून, फिल्म नसताना, ऑप-अँपच्या निर्गमावरचा स्थिर दाब मोजावा. तो ३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान असावा. आठच्या जवळ गेल्यास प्रवर्धक त्याच्या कमाल दाबाला भिडून कोंडलेला आहे, रोध कमी करावा. मग दिवा आणि भिंग यांच्यामध्ये पोस्टकार्ड हलवावे. प्रत्येक फटकाऱ्यासरशी स्पीकरमध्ये ठोका पडला पाहिजे.

जुळवणी : इथे घाई करू नये

आता फिल्म लावावी आणि तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट फोकस. उजेडाची रेषा फिल्मच्या इमल्शनच्या (प्रतिमा धरणाऱ्या थराच्या) बाजूवर अचूक पडायला हवी. १६ मि.मी. प्रतींत इमल्शन कधी भिंगाकडे असते, कधी उलट बाजूला, आणि फिल्मच्या जाडीएवढा हा फरक वरचे स्वर घालवायला पुरेसा असतो. काही प्रोजेक्टरवर यासाठीच एक छोटा खटका दिलेला असतो. तारेच्या दिव्याऐवजी लाल एलईडी लावला असेल, तर फोकस पुन्हा करावाच लागतो, कारण भिंग वेगवेगळ्या रंगांचा उजेड वेगवेगळ्या अंतरावर एकवटते. ७००० हर्ट्झची चाचणी फिल्म मिळाल्यास उत्तम. ती नसल्यास बोलण्याचा एक तुकडा दोन्ही टोके चिकटवून गोलाकार फिरत ठेवावा, भिंगाची नळी केसाएवढी पुढे-मागे करावी, आणि ‘स’, ‘च’, ‘ट’ ही अक्षरे कुठे सर्वांत धारदार होतात ते ऐकावे. संगणकावर आवाजाचा वर्णपट (स्पेक्ट्रम) पाहण्याची सोय असेल तर कानाला डोळ्यांची साथ मिळते.

दुसरी गोष्ट फटीचा काटकोन. रेषा फिल्मच्या धावण्याला अगदी काटकोनात हवी. ती अर्ध्या अंशाने कलली, तर १.८ मि.मी. रुंदीत एक टोक दुसऱ्यापेक्षा ०.०१६ मि.मी. पुढे जाते, आणि हे अंतर ७००० हर्ट्झच्या अर्ध्या लाटेहून जास्त आहे. घनता बदलणाऱ्या पट्टीत यामुळे फक्त वरचे स्वर जातात. रुंदी बदलणाऱ्या पट्टीत शब्दांना चिरका, फाटका कंगोराही येतो. नळी फोकस न हलवता स्वतःभोवती फिरवावी आणि आवाज सर्वांत स्वच्छ होईल तिथे स्क्रू आवळावा. आवळताना नळी पुन्हा थोडी फिरते, म्हणून आवळल्यावर परत ऐकावे. रेषेचा उजेड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असेल, तरी रुंदी बदलणाऱ्या पट्टीत विकृती येते. तेव्हा दिव्याची जागाही बघावी.

तिसरी गोष्ट आडवी जागा. रेषा चित्राच्या बाजूला घसरली, तर प्रत्येक चौकटीबरोबर २४ हर्ट्झची धडधड ऐकू येते. ३५ मि.मी. मध्ये ती छिद्रांकडे घसरल्यास चौकटीला चार छिद्रे या हिशेबाने ९६ हर्ट्झचा गुणगुणाट येतो, आणि तो विजेच्या १०० हर्ट्झच्या घरघरीसारखाच वाटतो. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी चित्राचा मुख्य दिवा बंद ठेवून मोटर थांबवावी. घरघर राहिली तर ती दिव्यातून, विजेतून किंवा खोलीतल्या ट्यूबमधून येते आहे. थांबली तर ती फिल्मवरची आहे.

फटीचे भिंगच गेले असेल तर

नळीतल्या भिंगावर बुरशी चढून काच खरवडली गेली असेल, तर उलटी रीत वापरावी, आणि मला ती मनापासून आवडते. फिल्मवर बारीक रेषा पाडण्याऐवजी फिल्म मागून सरळ उजळावी, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाचे चौपट मोठे दाखवणारे भिंग लावून पट्टीची मोठी प्रतिमा सुमारे १६ सें.मी. अंतरावर पाडावी आणि फट तिथे ठेवावी. प्रतिमा चौपट मोठी असल्याने ०.०८ मि.मी.ची फट फिल्मवर ०.०२ मि.मी.चे काम करते. दाढीच्या ब्लेडचे दोन अर्धे तुकडे धारा समोरासमोर ठेवून, मोटरसायकलचा मेकॅनिक टॅपेटसाठी जे फीलर गेज वापरतो त्यातले ०.०८ चे पान मध्ये धरून, दोन्ही तुकडे चिकटवावेत आणि पान अलगद ओढून घ्यावे.

इथे पट्टीची प्रतिमा सात मि.मी.हून रुंद होते आणि फोटोडायोडवर मावत नाही. म्हणून फटीच्या लगेच मागे २५ मि.मी. फोकसचे छोटे भिंग लावावे आणि त्यामागे सुमारे ३० मि.मी. अंतरावर डायोड ठेवावा. या भिंगामुळे फटीतून आलेला सगळा उजेड डायोडवर एकाच लहान ठिपक्यात गोळा होतो, मग तो फटीच्या कुठल्याही टोकाचा असो, आणि रेषेच्या दोन टोकांत फरक पडत नाही. भिंग, फट आणि डायोड यांच्याभोवती काळ्या कागदाची नळी गुंडाळावी.

ड्रम आणि मोटर

आवाज लहरत असेल, तर ड्रम हाताने फिरवून सोडावा. जड चाकामुळे तो बराच वेळ शांतपणे फिरत राहिला पाहिजे. अडखळला तर जुने घट्ट झालेले तेल धुऊन नवे पातळ तेल द्यावे. फिल्म ड्रमवर दाबणारा रबरी रोलर कडक झाला असेल तर तो बदलण्यावाचून उपाय नाही.

वेग मोजण्यासाठी १०० फूट फिल्म घ्यावी. १६ मि.मी. मध्ये फुटाला ४० चौकटी येतात, म्हणजे ती २ मिनिटे ४७ सेकंदांत संपली पाहिजे. अमेरिकेतून आलेले ६० हर्ट्झचे यंत्र आपल्या ५० हर्ट्झवर चालवले, तर मोटरच्या प्रकारानुसार वेग २४ वरून २० चौकटींवर उतरू शकतो आणि सगळे लोक जड आवाजात बोलू लागतात; अशा वेळी पुली बदलावी लागते.

ध्वनिमुद्रण

साऊंड कार्डावर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवावे, पातळी सर्वांत मोठ्या आवाजालाही वर जागा उरेल अशी घ्यावी, आणि मुद्रण करताना कोणतेही आवाज-सफाईचे साधन लावू नये. सफाई नंतर, प्रतीवर करावी. मूळ फाईल जशी आली तशी जपावी.

जिथे फिल्म जोडलेली आहे तिथे ‘फट्’ असा आवाज येतो, कारण जोडाची कड उजेड एकदम बदलते. जुन्या काळी पॉझिटिव्ह प्रतीत जोडावर काळ्या शाईने त्रिकोण रंगवत, म्हणजे उजेड हळूहळू कमी होऊन हळूहळू वाढे आणि ठोका मऊ पडे. टाकाऊ प्रतीवर ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे. दुर्मीळ प्रतीवर मात्र शाई लावू नये, तो ठोका संगणकात काढावा.

शेवटचे काम चित्राशी जुळवण्याचे. १६ मि.मी. मध्ये आवाज त्याच्या चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरच्या चित्र-खिडकीपाशी (गेटपाशी) चित्र झटक्याझटक्याने सरकते आणि ड्रमवर फिल्म सलग वाहावी लागते, तेव्हा दोन्ही एका जागी असू शकत नाहीत. प्रोजेक्टरवरच पाहत असाल तर खालचा लूप (फिल्मचा सैल वळसा) यंत्रावरच्या खुणेएवढा ठेवला की हे अंतर आपोआप बरोबर येते. चित्र वेगळे स्कॅन करून घेतले असेल आणि दोन्हींची सुरुवात फिल्मवरच्या एकाच खुणेपासून धरली असेल, तर आवाजाची फाईल २६ चौकटी, म्हणजे १.०८ सेकंद, उशिरा सुरू करावी. मग दार आपटण्याचा किंवा टेबलावर पेला ठेवल्याचा एखादा प्रसंग शोधून तिथे चौकट आणि आवाज समोरासमोर ठेवावेत, आणि फरक राहिला तर एकेका चौकटीने सरकवत न्यावे.